मेल येतात, पण बाहेर जात नाहीत (विंडोज ११ + एचमेलसर्व्हर). मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या छोट्या गटासाठी स्वतःच्या डोमेनवर पाच-सहा ईमेल खाती हवी होती. एक डेस्कटॉप तसाही दिवसरात्र चालू असतो, म्हणून त्यावर एचमेलसर्व्हर (विंडोजवर चालणारा मेल सर्व्हर) टाकला. बसवायला सोपा निघाला. खाती उघडली, थंडरबर्ड (मेल वाचायचं सॉफ्टवेअर) आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरचे मेल वाचायच्या पद्धतीने, जोडला, एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी नोंद) लावल्यावर बाहेरचे मेलही येऊ लागले.

गाडं अडलंय ते पाठवण्यावर. गटातल्या गटात मेल लगेच पोचतो, पण जीमेलच्या पत्त्यावर पाठवला की रांगेत पडून राहतो. विंडोजची फायरवॉल थोडा वेळ बंद ठेवून पाहिली, काही फरक नाही. टेलनेटने (जोडणी तपासायचं साधन) जीमेलच्या मेल सर्व्हरच्या पोर्ट २५ वर (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) जायला गेलं तर नुसतं लटकतं. इंटरनेट कंपनीला विचारलं की "तुमचा आयपी स्थिर आहे" एवढंच ऐकवतात. तो मी मुद्दाम घेतलाच आहे हो, प्रश्न पोर्टचा आहे!

एचमेलसर्व्हरचा विकास आता थांबलाय, म्हणून लिनक्स टाकून पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा सर्व्हर) आणि डोव्हकॉट (खात्यांतले मेल वाचायला देणारा सर्व्हर) यांच्याकडे जावं का? की मॅक घ्यावा? आणि विंडोज अपडेट मध्यरात्री मशीन रीस्टार्ट करतं, तेवढ्या वेळात आलेले मेल हरवतात का?

प्रतिसाद १

शेवटचं आधी सांगतो: हरवत नाहीत. पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. एसएमटीपीच्या (मेल पाठवण्याच्या पद्धतीच्या) मानकात निदान ४-५ दिवस प्रयत्न करावा असं आहे. रीस्टार्टची काळजी सोडा.

मॅकचा विचारही सोडा. मॅकओएस सर्व्हरमधली मेल सेवा अ‍ॅपलने २०१८ मध्येच काढायला घेतली आणि २०२२ मध्ये ते उत्पादनच बंद केलं.

पोस्टफिक्स आजही नीट सांभाळला जातो, पण तुमचा प्रश्न त्याने सुटणार नाही. बाहेर जाणारा पोर्ट २५ तुमच्या कंपनीने अडवलेला दिसतो. व्हायरस लागलेल्या पीसींमधून स्पॅम सुटू नये म्हणून घरगुती जोडण्यांवर बरेच जण तसं करतात. उघडून मिळाला तरी आयपीला तुमच्या नावाची पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) लागेल, आणि ती कंपनीच्याच हातात असते. त्यापेक्षा रिले (तुमचे मेल पुढे पोचवणारी दुसऱ्याची सेवा) वापरा. एचमेलसर्व्हरच्या एसएमटीपी सेटिंगमध्ये 'डिलिव्हरी ऑफ ई-मेल' टॅबवर एसएमटीपी रिलेयर आहे. तिथे रिले सेवेचं होस्टनेम, पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस (जोडणी सुरक्षित करण्याची पद्धत) आणि लॉगिन भरा. येणारे मेल आत्तासारखेच थेट येत राहतील.

एसपीएफमध्ये (तुमच्या डोमेनच्या नावाने मेल कोणी पाठवायचे ते सांगणारी नोंद) रिलेवाल्याचा 'इन्क्लूड' जोडायला विसरू नका, पण आहे त्याच नोंदीत. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी झाल्या की तपासणीच फसते.

धागाकर्ता

रिले लावला, रांग रिकामी झाली! जीमेलमध्ये मूळ मेल उघडून पाहिला: एसपीएफ पास, डीकेआयएमचा (मेलवरच्या डिजिटल सहीचा) मात्र पत्ताच नाही. सही कोणी करायची, मी की रिलेवाल्याने?

प्रतिसाद २

कोणीही केली तरी चालेल, फक्त सहीतलं डोमेन तुमचं हवं, नाहीतर डीमार्कच्या (पाठवणाऱ्याचं डोमेन एसपीएफ-डीकेआयएमशी जुळतं का ते पाहणाऱ्या) तपासणीत ती सही धरली जात नाही. रिलेवाला मेलच्या तळाशी स्वतःची ओळ चिकटवत असेल तर मात्र त्यालाच करू द्या, कारण तुम्ही आधी केलेली सही त्या ओळीने मोडते.