मदत हवी आहे : पदवीच्या वर्षांतच संशोधनाच्या कामात शिरकाव कसा करावा?

नमस्कार.

मी सांख्यिकी विषय घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. पुढे संशोधन करावे की नाही, हे ठरवण्याआधी ते काम प्रत्यक्षात कसे चालते ते जवळून पाहावे, या हेतूने गेल्या तीन महिन्यांत मी निरनिराळ्या विद्यापीठांतील सव्वीस प्राध्यापकांना ई-मेल पाठवले. दोघांनी ‘सध्या जागा नाही’ असे कळवले. उरलेल्या चोवीस जणांकडून काहीही उत्तर आले नाही. मजकूर साधारण असा होता : ‘मी अत्यंत मेहनती व जिज्ञासू विद्यार्थिनी असून आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची संधी मिळाल्यास मी आपली कायम ऋणी राहीन.’

माझ्या महाविद्यालयात केवळ अध्यापन चालते, त्यामुळे शेजारच्या खोलीत जाऊन कोणाला विचारावे अशी सोय नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांना खरोखर कोणी कामाला घेते का, आणि घेत असल्यास माझ्या पत्रात नेमके काय चुकत आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. शिवाय, शुल्क भरल्यास दहा दिवसांत माझ्या नावाने शोधनिबंध प्रकाशित करून देण्याचा प्रस्ताव मला एका ठिकाणाहून आला आहे. तो स्वीकारला तर निदान पुढच्या पत्रात लिहायला काहीतरी राहील, असा विचार मनात येऊन गेला, हेही प्रामाणिकपणे सांगते.

प्रतिसाद १

तो प्रस्ताव आधी नाकारा. दहा दिवसांत कोणत्याही निबंधाचे तज्ज्ञांकडून गंभीर परीक्षण होत नाही, आणि अशा नियतकालिकात आलेले नाव पुढे निवड समितीला दिसले तर ते तुमच्या बाजूने नव्हे, विरोधात मोजले जाते. सर्वांना खुली असलेली नियतकालिके तपासायची असतील, तर २००३ पासून चालू असलेली ‘डीओएजे’ ही सूची पाहावी. मात्र वर्गणी घेऊन चालणारी चांगली नियतकालिके त्या सूचीत नसतात, हेही लक्षात ठेवावे.

आता पत्राविषयी. तुमचे पत्र वाईट नाही, पण ते प्राध्यापकाचे नाव बदलून कोणालाही पाठवता येईल असे आहे, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळते. मी काही वर्षे एका संशोधन गटात अशी पत्रे वाचण्याचे काम केले आहे. विद्यार्थी हुशार आहे का, हा प्रश्न आमच्या मनात सहसा नसे; त्याला शिकवण्यात गटातील कोणाचे किती तास जातील आणि तो परीक्षा जवळ आल्यावर काम अर्धवट टाकून जाईल का, एवढीच धास्ती असे. नवा विद्यार्थी आला की पहिले काही आठवडे गटाचे काम वेगाने नव्हे, उलट संथपणे चालते. म्हणून पत्रात तुमच्या जिज्ञासेपेक्षा या धास्तीला उत्तर हवे : त्यांचा कोणता निबंध वाचला, त्यात कुठे अडखळलात, तुम्हाला कोणते काम आजच येते, आठवड्याला किती तास देता येतील आणि कोणत्या महिन्यापर्यंत. गुणपत्रिका सोबत जोडावी, तिचे वर्णन करू नये.

पत्र कोणाला पाठवता, यानेही फरक पडतो. नामवंत प्राध्यापकांच्या पेटीत अशा पत्रांचा ढीग असतो, तर नुकतेच रुजू झालेले प्राध्यापक आपला गट उभा करत असतात. त्याहून सोपी वाट पीएच.डी. करणाऱ्यांची : कित्येक विषयांत निबंधावर पहिले नाव त्यांचेच असते, हाताशी मदतनीस हवा असतो तोही त्यांनाच, आणि त्यांनी शिफारस केली तर मार्गदर्शक सहसा नकार देत नाहीत. उत्तर आले नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण करावी.

तुमचा विषय सांख्यिकी आहे, ही जमेची बाजू तुम्ही वापरलेलीच नाही. सव्वीसपैकी किती पत्रे सांख्यिकी विभागांना गेली? माझा अंदाज, सगळीच. परिसंस्थाशास्त्र, वैद्यक, समाजशास्त्र, मानसशास्त्र या विभागांत वर्षानुवर्षे गोळा केलेली विदा (डेटा) पडून असते, आणि ती स्वच्छ करून तिचे नीट विश्लेषण करणारा माणूस नसतो. तिथे दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनीही उपयोगी ठरते. आपल्या महाविद्यालयातील शिक्षकांनाही कमी लेखू नका; त्यांतील ज्यांनी कधीकाळी प्रबंध लिहिला असेल, त्यांना ‘त्यात काय करायचे राहून गेले?’ एवढेच विचारून पाहा.

पदवीच्या विद्यार्थ्यांना घेतात का, या शंकेचे उत्तर जुने आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये ‘यूरॉप’ हा उपक्रम खास याच कामासाठी सुरू केला, आणि पुढे इतरत्रही तशा योजना निघाल्या. अर्ज करण्यापूर्वी त्या विद्यापीठात अशी योजना आहे का ते पाहावे, कारण तिथे तुमचा अर्ज वाचणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु मार्गदर्शक मिळेपर्यंत थांबण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. ज्याची विदा आणि प्रोग्राम दोन्ही खुले आहेत असा एखादा प्रकाशित निबंध निवडा (१९९१ पासून चालू असलेल्या ‘अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर सांख्यिकीतील असंख्य निबंध विनामूल्य वाचता येतात), आणि त्यातील एकच सारणी ‘आर’ किंवा ‘पायथन’ ही संगणकभाषा वापरून स्वतः पुन्हा तयार करून पाहा. बहुधा आकडे पहिल्या प्रयत्नात जुळणार नाहीत. तेव्हा लेखकांची चूक सापडली असा आनंद न मानता आधी स्वतःकडे पाहावे : गाळलेल्या नोंदी त्यांनी कशा हाताळल्या, भार लावले होते का, पूर्णांकन कुठल्या टप्प्यावर केले. निबंधाच्या ‘पद्धती’ या भागात जे एका ओळीत उरकलेले असते, त्यासाठी अनेकदा आठवडा खर्ची पडतो, आणि संशोधनाचे काम कसे असते याची खरी चव तिथे कळते. ती चव आवडली नाही, तर तेही वेळीच समजलेले बरे.

या खटाटोपाचा दोन पानी वृत्तान्त लिहून तो पत्राला जोडा. एक सावधगिरी मात्र बाळगा : माणसांकडून उत्तरे गोळा करणारे सर्वेक्षण स्वतःच्या उत्साहात सुरू करू नका. नैतिकता समितीची संमती विदा गोळा करण्यापूर्वी घ्यावी लागते, आणि ती नसल्यामुळे चांगले काम प्रकाशित करता न आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

धागाकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. तो प्रस्ताव नाकारला आहे, आणि पहिल्या प्रतिसादातील अंदाज खरा आहे : सव्वीसही पत्रे सांख्यिकी विभागांनाच गेली होती. एक शंका उरते. समजा मी कोणाची विदा स्वच्छ करून दिली, तर निबंधावर माझे नाव येण्याची अपेक्षा ठेवणे योग्य ठरेल का, आणि तो विषय मी आधी काढावा की नंतर?

प्रतिसाद १

आधीच काढावा, पण पहिल्या पत्रात नव्हे. काम निश्चित झाले की काढावा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती चार अटी घालते आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात : कामाच्या आखणीत किंवा विदेच्या संकलन-विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तो गंभीरपणे सुधारण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तरदायित्व. नुसती विदा स्वच्छ केली तर या निकषांनुसार आभारांत उल्लेख होतो. इतर विषयांतील रूढी वेगळ्या असतात, म्हणूनच विचारून घ्यावे. आणि मसुद्यावर टिपणे देण्याची मुभा मागावी, कारण ती मिळाली तर दुसऱ्या अटीचे दार उघडते.

धागाकर्ती

नवा मजकूर असा लिहिला आहे : ‘पक्ष्यांच्या गणनेवरील आपला निबंध मी वाचला. त्याच्या दुसऱ्या सारणीतील आकडे मी खुल्या विदेवरून पुन्हा काढले. त्यांपैकी एका ठिकाणाचा आकडा माझ्याकडे वेगळा येतो, आणि शून्य नोंदी कशा धरल्या हे मला उमगलेले नाही. वृत्तान्त सोबत जोडला आहे. आपल्या गटात विदा स्वच्छ करण्याचे किंवा विश्लेषणाचे काम असल्यास मी शक्य तितका वेळ देऊ शकेन. आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व.’

प्रतिसाद १

‘शक्य तितका वेळ’ या शब्दांच्या जागी आठवड्याचे तास लिहा आणि परीक्षेचे कोणते आठवडे वगळावे लागतील तेही सांगा. शेवटचे वाक्य काढून टाका. बाकी मजकूर आहे तसा पाठवा.