सल्ला हवा: गढवालातल्या हिवाळी लग्नांसाठी ४० हजारांत आधी काय घ्यावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळचा नाशिकचा, पण चार वर्षांपासून उत्तराखंडात गुप्तकाशीला असतो. बायकोचं माहेर इथलं. लग्नाचे फोटो काढणं हाच पोटापाण्याचा उद्योग. शिव-पार्वतीचं लग्न त्रियुगीनारायणला लागलं अशी श्रद्धा आहे, त्यामुळे हल्ली देशभरातून जोडपी तिथे लग्न करायला येतात. पुण्या-नागपूरचीही येतात. माझं निम्मं काम ते आणि निम्मं आसपासच्या गावांतल्या लग्नांचं.

धनुर्मास संपला की जानेवारी अखेरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत मुहूर्तच मुहूर्त असतात. त्रियुगीनारायण साधारण १,९८० मीटरवर आहे, फेब्रुवारीत बर्फ पडतो. मागच्या वर्षी एका गावात धूल्यर्घ चालू असताना (वरात दारात आली की वराची पूजा करतात, आपल्या सीमांतपूजनासारखी) बॅटरी ४० टक्के दाखवत होती आणि कॅमेरा एकदम बंद पडला. दुसरी बॅटरी घालेपर्यंत सासूबाईंनी ओवाळून झालं होतं. ते दृश्य परत कुठून आणणार?

माझ्याकडे सोनी ए७ थ्री कॅमेरा, २८-७५ आणि ८५ या लेन्स, एक फ्लॅश आणि तीन बॅटऱ्या आहेत. गाडी जुनी वॅगनार. बजेट ४०,०००, त्यावर एक रुपयाही नाही. एप्रिलमध्ये मुलीची शाळेची फी आहे. जुनी दुसरी बॉडी (लेन्स सोडून नुसता कॅमेरा) घेऊ, की ३५ची लेन्स, की बॅटऱ्या-बॅग-बूट? तुम्ही काय घेतलं असतं?

शटरवाला
सरळ कॅनन आर६ मार्क टू घ्या. हप्त्यावर मिळतो. मी दोन वर्षांपूर्वी घेतला, आजवर १४० लग्नं झाली, एकदाही दगा दिला नाही. फोकस असा की नवरी मांडवात पळत आली तरी डोळ्यावरून हटत नाही. कामाच्या वस्तूत पैसे वाचवू नयेत.

घाटमाथा
दुसरी बॉडी. बाकी सगळं नंतर. आणि तिला दोन मेमरी कार्डांची जागा हवीच हवी. २०१८ साली महाबळेश्वरच्या एका लग्नात माझं कार्ड बिघडलं. कन्यादान, सप्तपदी, सगळं त्यातच. मुलीच्या वडिलांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती, तरी घरी जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा पाजला. तो चहा मी अजून विसरलो नाही. जुना निकॉन डी७५० बघा, दोन कार्डं लागतात.

गोदाकाठ
@शटरवाला, बजेट ४० हजार आहे हो. हप्ता भरायचा तर पावसाळ्यातही काम हवं, आणि पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात, लग्नं नसतात.
@घाटमाथा, माझ्या ए७ थ्रीमध्ये दोन कार्डं आहेत, दोन्हींवर एकदमच लिहून घेतो. पण निकॉन घेतला तर माझ्या लेन्स त्याला लागणार नाहीत.

घाटमाथा
मग निकॉनची एक ५० पण घ्या. जुनी स्वस्त मिळते.

सिंधूपार
मी लेहला सहा हिवाळे काढलेत, बॅटरीबद्दल नीट लिहितो. थंडीत बॅटरी संपत नाही, गारठते. आतली रासायनिक क्रिया मंदावते, विजेचा दाब उतरतो आणि कॅमेऱ्याला वाटतं संपली. तीच बॅटरी अर्धा तास अंगाशी धरली की पुन्हा २०-३० टक्के देते. म्हणून सुट्या बॅटऱ्या बॅगेत ठेवूच नका. स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात ठेवा. मी बायकोकडून बनियनला आतून दोन खिसे शिवून घेतलेत. उजवीकडे भरलेल्या, डावीकडे गारठलेल्या. अंधारातसुद्धा घोळ होत नाही.

दुसरं, बाहेरून बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटलेल्या खोलीत शिरताना कॅमेरा आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि अर्धा-पाऊण तास उघडू नका. दव पिशवीवर जमेल, लेन्सवर नाही. कार्ड खोलीत लगेच लागणार असेल तर बाहेरच काढून घ्या, मग पिशवी बांधा. फ्लॅशला साधे अल्कलाइन सेल वापरत असाल तर बंद करा, थंडीत ते पार मान टाकतात.

विमानाने येणाऱ्या पाहुण्या फोटोग्राफरांसाठी: बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानात. आणि लडाखला येणार असाल तर बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम इथे चालत नाही, पोस्टपेडच लागतं.

कुसुमाग्रजनगर
सिम जाऊ दे, फेब्रुवारीत तिकडे लग्नं होतातच कशी? केदारनाथचे दरवाजे दिवाळीला बंद होतात ना? रस्ताही बंद असणार.

गोदाकाठ
केदारनाथचे कपाट, म्हणजे दरवाजे, भाऊबीजेला बंद होतात आणि देवाची डोली (पालखी) उखीमठला येते, ते बरोबर. पण त्रियुगीनारायणचं मंदिर वर्षभर उघडं असतं. सोनप्रयागहून बारा किलोमीटरचा फाटा आहे. मोठा बर्फ पडला की एखाद-दोन दिवस अडतं, मग रस्ता मोकळा करतात. उलट हिवाळ्यात यात्रेची गर्दी नसते. मे-जूनमध्ये सोनप्रयागला गाड्यांच्या रांगेत मुहूर्त टळायची वेळ येते.

आकाशझेप
ड्रोन घ्या. डोंगरातल्या लग्नाला ड्रोन नाही म्हणजे काय? २५० ग्रॅमच्या आतला घेतला तर पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. माझे निम्मे ग्राहक ड्रोनचं दृश्य बघूनच येतात.

सिंधूपार
प्रमाणपत्र लागत नाही म्हणजे कुठेही उडवता येतं असं नाही. तुमच्याकडचा तुंगनाथचा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय ड्रोन वर काढू नका. आमच्याकडे तर सीमा जवळ, प्रश्नच मिटला.

आकाशझेप
मी परवानगी काढूनच उडवतो. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

रानजाई
मी कुल्लूला असते, लग्न आणि ट्रेक दोन्हींचे फोटो काढते. बर्फात कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर फसतं, पांढऱ्याला राखाडी करून टाकतं. त्यामुळे एक्स्पोजर (फोटोचा उजेड) एक ते दीड स्टॉप वर चढवा. सावलीतला बर्फ निळा येतो, तो तसाच राहू द्या, पण नवरीच्या चेहऱ्यावर निळा पडू देऊ नका. तिला उन्हाकडे तोंड करून उभं करायचा मोह होतो, तर डोळे मिचकावतात. कडेच्या भिंतीच्या सावलीत घ्या, समोरचा बर्फच प्रकाश फेकतो. आणि टिहरीची मोठी नथ असेल तर फ्लॅश सरळ मारू नका, सोन्याचा एक पांढरा डाग गालावर येतो आणि मग संगणकावर तासन्‌तास तोच पुसत बसावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. पाय. देवळाच्या आवारात चपला-बूट काढावे लागतात. ओल्या दगडी फरशीवर दोन-अडीच तास उभं राहायचं. एका देवळात मला तिसऱ्या फेऱ्याला बोटं जाणवेनाशी झाली, चौथ्याला मी तोल जाऊन मांडवाच्या खांबाला धरलं. तेव्हापासून लोकरी मोज्यांचे तीन जोड नेते. ओले झाले की बदलायचे. हातालाही पातळ मोजे आत आणि वरून बोटं उघडी असलेले लोकरी. हजार-दीड हजारात हे सगळं होतं. कॅमेऱ्याआधी हे घ्या.

मांडवपरतणी
रानजाईताई, मोज्यांचं अगदी खरं. मी फोटोग्राफर नाही, मुलीचं लग्न त्रियुगीनारायणला केलं, जावई पौडीचे. आम्हीही तिकडे गारठलो. पण एक विचारायचंय, कलेव्यात (लग्नात देतात त्या शिदोरीत) त्यांनी अरसे दिले होते, तांदळाचं पीठ आणि गूळ. आपले अनारसेच की! फक्त खसखस नव्हती. कुणाला कृती माहीत आहे का?

घाटमाथा
अरसे आणि अनारसे वेगळे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवतात.

गोदाकाठ
काकू, सासूबाईंना विचारून लिहितो. तांदूळ रात्रभर भिजवून उखळात कुटतात, गुळाच्या गरम पाकात पीठ ढवळतात आणि लगेच तळतात. पाक ढवळायला दोन पुरुष लागतात इतका घट्ट असतो. लग्नघरी आदल्या दिवशी ते चालू असतं, फोटो फार सुंदर येतात. आणि तुम्ही ऐकलं असेल, गढवालीत आपल्यासारखा ळ आहे. बायका बान्यांच्या वेळी, म्हणजे हळदीला, मांगळ गातात तेव्हा तो ळ ऐकून मला पहिल्या वर्षी भरून आलं होतं. हिंदीत चार वर्षं बोललं तरी तो भेटत नाही.

नवा_भिडू
सगळं वाचलं नाही, पण माझं मत: दुसरी बॉडी, दोन कार्डांची. अनुभवाचे बोल.

शटरवाला
तेच तर म्हणतोय. आर६ मार्क टूला दोन कार्डं आहेत.

पहाडपाणी
मी नैनिताल भागात काम करतो. सामान सोडून बोलतो, कारण माझं नुकसान सामानामुळे कधीच झालं नाही. खालच्या सपाट प्रदेशातून येणारी मंडळी बर्फ बघायला येतात आणि बर्फ पडला की तारीख पुढे ढकलतात. दोन वर्षांपूर्वी एका आयोजकाने असंच केलं. मी आदल्या रात्री पोहोचलो होतो, राहण्याचा खर्च माझा. पुढची तारीख माझ्याकडे मोकळी नव्हती तर आगाऊ घेतलेले पैसेही परत मागितले. तेव्हापासून कागदावर लिहून घेतो: रस्ता बंद झाला तर काय, एक दिवस आधी पोहोचण्याचा मुक्काम कुणाचा, वीज गेली तर जनरेटर कुणाचा. लोक आधी नाराज होतात, पण सही करतात.

आणखी एक. धुराच्या नळकांड्या, चमकी कागद उडवणं, हे मी करत नाही. २०१९ ला औलीत मोठं लग्न झालं, कचऱ्याचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. आपण फोटो काढून निघून जातो, कुरणातला चमकी कागद गाईंच्या पोटात जातो. ग्राहकाला हे तोंडावर सांगायला हवं.

आकाशझेप
चमकी कागदाशिवाय वरून काढलेलं दृश्य उठत नाही. मी कागदी फुलं वापरतो, ती कुजतात.

पहाडपाणी
बर्फात काही कुजत नाही हो. मार्चमध्ये जाऊन बघा, तशीच पडलेली असतात.

गोदाकाठ
मंडळी, आठ दिवस झाले, निर्णय घेतलाय. बहुतेकांना आवडणार नाही.

परवा त्रियुगीनारायणला जागा बघायला पहाटे निघालो. सोनप्रयाग सोडल्यावर चढावर एक वळण आहे, तिथे दुपारपर्यंत ऊन पोहोचत नाही. रात्रीचा पाला, म्हणजे दंव गोठून झालेला पातळ बर्फ, डांबरावर काचेसारखा बसलेला असतो. दिसत नाही, रस्ता फक्त जरा ओला वाटतो. गाडी ब्रेक न दाबताच फिरली. तोंड परत खालच्या दिशेला झालं आणि मागचं चाक कठड्याच्या दगडाला टेकून थांबलं. वरून दूध घेऊन येणारा एक म्हातारा माणूस थांबला. त्याने काही न बोलता रस्त्याकडेची माती फावड्याने आणून चाकाखाली टाकली, मग टायरवर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. टायर पार गुळगुळीत होते. त्या गाडीत माझ्याबरोबर कॅमेरा धरणारा एकोणीस वर्षांचा मुलगा बसला होता, त्याच्या आईने मला ‘दादा’ म्हणून त्याला सोपवलंय.

चार टायर घेतले, १८,४००. चाकांना बांधायच्या साखळ्या ३,५००. दोन बॅटऱ्या ५,०००. लोकरी मोजे, हातमोजे आणि दोघांना गमबूट मिळून २,६००. उरलेले १०,५०० बाजूला ठेवलेत. त्रियुगीनारायणच्या लग्नांना तेवढ्यापुरती दुसरी बॉडी भाड्याने आणीन. सिंधूपार, बनियनला खिसे बायकोने कालच शिवले. पहाडपाणी, तुमचा कागद मला हवाय, मी तसाच नवा करून घेतो.

घाटमाथा
टायर ठीक, पण भाड्याची बॉडी आदल्या दिवशी हातात घेऊन दोन्ही कार्डं तपासा. भाड्याच्या वस्तूला आधी कुणी काय केलंय सांगता येत नाही.

शटरवाला
टायर हा गाडीचा खर्च, कामाचा नव्हे. पुढच्या वर्षी तरी बॉडीचं बघा.

रानजाई
साखळ्या अंगणात दोनदा बांधून-सोडून बघा, हातमोजे घालून. रस्त्यावर पहिल्यांदा बांधायला गेलात तर बोटं साथ देत नाहीत.

गोदाकाठ
आज दोनदा बांधल्या. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागली, दुसऱ्यांदा अकरा. तो मुलगा माझ्यापेक्षा लवकर शिकला. काकू, अरशांचं प्रमाण सासूबाईंनी पसा आणि मुठीत सांगितलंय. रविवारी त्या घरी करणार आहेत, तेव्हा प्रत्येक पसा वजन करून लिहितो.