उत्पत्ती: अध्याय ४९ च्या आधी ४८ वाचा

याकोबाच्या शेवटच्या दिवसांतला विश्वास पाहायला काही जण बायबलमधील उत्पत्ती ४९, म्हणजे त्याने बारा मुलांविषयी केलेली भाकिते घेतात. पण नव्या करारातले इब्री लोकांस पत्र ११:२१ बोट ठेवते ते अध्याय ४८ वर, योसेफाच्या दोन मुलांच्या आशीर्वादावर. म्हणून ४७:२८ पासून ५०:२६ पर्यंत एका बैठकीत वाचावे.

४८ मध्ये हातांकडे लक्ष द्या. योसेफ थोरल्या मनश्शेला बापाच्या उजव्या हाताशी उभा करतो. म्हातारा याकोब हात तिढा देऊन उजवा धाकट्या एफ्राईमवर ठेवतो. योसेफ हात उचलू पाहतो, तर उत्तर येते, ‘ठाऊक आहे, माझ्या मुला, ठाऊक आहे.’ याकोबाची दृष्टी मंदावली होती, तरी तो जाणूनबुजून करतो. त्याचा बाप इसहाक याचीही दृष्टी अशीच मंदावली होती, पण तो फसला होता: अध्याय २७ मध्ये त्याने थोरला समजून धाकट्या याकोबाला आशीर्वाद दिला. (आणि अध्याय २७ ही त्याची मरणशय्या नव्हे, तो १८० व्या वर्षी, ३५:२९ मध्ये वारतो. ही गल्लत फार होते.)

याकोब नमन करतो तिथे उत्पत्ती ४७:३१ मध्ये पलंग आणि इब्री ११:२१ मध्ये काठी का? हिब्रूत दोन्ही शब्दांची व्यंजने एकच. सेप्टुअजिंटने (जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराने) ‘काठी’ वाचले, इब्रीकाराने तेच घेतले.

योसेफ मरताना आपल्या अस्थी इजिप्तमधून न्यायला सांगतो (५०:२५). त्यांचे पुढे काय झाले यासाठी मात्र थेट यहोशवा २४:३२ उघडा.