क्रीम लेदर सीटवर जीन्सचा निळा डाग, काही केल्या जात नाहीये

गाडीवेडा:
नमस्कार मंडळी, गाडीच्या सीट्स फिक्या क्रीम रंगाच्या लेदरच्या आहेत. ड्रायव्हर सीटच्या कडेला जो फुगीर भाग असतो ना, चढता उतरताना मांडी घासते तिथे, तिथे निळसर काळपट पट्टा पडलाय. जीन्सचाच रंग आहे हे नक्की. ओल्या फडक्याने पुसलं, गाडी धुणाऱ्याकडून फोम मारून घेतला, फडकं निळं होतं पण सीट आहे तशीच. त्यात मागच्या सीटवर बॉलपेनची बोटभर रेघ ओढली गेलीय आणि हेडरेस्टवर तेलकट पिवळट झाक आलीय. नेटवर कोणी टूथपेस्ट म्हणतं, कोणी नेलपेंट रिमूव्हर, कोणी बेकिंग सोडा, एवढं वाचून झालं पण अजून यातलं काहीच लावलेलं नाही. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा, सुरुवात कशाने करू?

सीटकारागीर:
लावलं नाहीत ते फार बरं केलंत. सीट रंगवायचं आणि दुरुस्तीचंच काम करतो म्हणून सांगतो, आमच्याकडे येणाऱ्या खराब सीट्सपैकी बऱ्याच डागामुळे नाही तर डाग काढण्याच्या नादात खराब झालेल्या असतात.

आधी एक गोष्ट समजून घ्या. गाडीतलं बहुतेक लेदर हे कोटिंगवालं असतं, म्हणजे चामड्यावर रंगाचा थर आणि त्याच्यावर पारदर्शक टॉपकोट. तुमचा हात लागतो तो या टॉपकोटला, चामड्याला नाही, आणि डागही त्यातच बसलेला असतो. खात्री करायची तर न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर कोटिंग आहे. आत जिरून तिथलं लेदर गडद झालं तर ते बिनकोटिंगचं, ॲनिलिन प्रकारचं, मग घरी काही करू नका, सरळ जाणकाराकडे न्या.

जीन्सचा निळा रंग म्हणजे इंडिगो. तो पाण्यात विरघळत नाही आणि धाग्याच्या आतपर्यंत पण जात नाही, वरवर बसलेला असतो, म्हणून नवी जीन्स घासली की सुटतो. घाम आणि ऊन असलं की अजून जास्त. नुसत्या पाण्याने तो जात नाही तो याच्यामुळेच. लेदर क्लीनर घ्या, लेदरचाच, डॅशबोर्डचा किंवा घरातला कुठलाही नको. क्लीनर सीटवर नाही, मऊ ब्रशवर घ्यायचा, फेस होऊ द्यायचा, तळहाताएवढ्या जागेवर हलके गोल गोल फिरवायचं आणि फेस निळा झाला की तो तिथे सुकायच्या आत लगेच पांढऱ्या मायक्रोफायबरने टिपून घ्यायचा. मग परत तेच. जोर लावायचा नाही, फेऱ्या वाढवायच्या. पांढरंच फडकं का म्हणतोय तर त्यावर निळं येतंय तोवर डाग निघतोय, आणि ज्या क्षणी फडक्यावर क्रीम रंग दिसला त्या क्षणी थांबायचं, तो तुमच्या सीटचा रंग आहे.

लांबचा_पल्ला:
एवढं कशाला, मॅजिक स्पंज आणा. तो पांढरा फोमसारखा मिळतो तो. ओला करून दोन हात मारले की जीन्सचा डाग साफ, माझ्या सीटवर गेलाय आणि अजून काही झालेलं नाही.

सीटकारागीर:
@लांबचा_पल्ला जातो, नाही म्हणत नाही. पण तो मेलॅमिन फोम आहे, अगदी बारीक पॉलिश पेपरसारखा घासतो. डागाबरोबर टॉपकोटचाही थोडा थर नेतो. लगेच कळत नाही, पण त्या जागेला आधी वेगळी चमक येते आणि मग तिथेच डाग जास्त पटकन धरतो कारण अडवायला थर उरलेला नसतो. क्लीनरने अजिबातच हलत नसेल तर शेवटचा उपाय म्हणून, भरपूर ओला करून, वजन न टाकता एखाददुसरा हात, बस. टूथपेस्टचंही तेच, तीही घासूनच काम करते, वर भोकांमध्ये आणि शिलाईत जाऊन पांढरी सुकते ती वेगळीच.

सुईदोरा:
पेनच्या रेघेबद्दल मी सांगते, पर्सेस आणि सोफे साफ करून देते त्यामुळे हे रोजचं आहे. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्याने पुसलीत तर पसरते फक्त. ताजी रेघ लेदर क्लीनरने बरीच जाते. जुनी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण ते टॉपकोट पण मऊ करतं हे डोक्यात ठेवून. बाटली सीटवर उपडी करायची नाही, कान साफ करायच्या काडीचा कापूस जेमतेम ओला करायचा, आधी सीटच्या खालच्या मागच्या कडेला लावून बघायचं, मग रेघेवरूनच रेघेच्या दिशेने फिरवायचा, आडवा नाही, नाहीतर एका रेघेचा ढग होतो. काडी निळी झाली की फेकून नवी घ्यायची, तीच परत फिरवली तर शाई परत सीटवर. झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून घ्या. नेलपेंट रिमूव्हर मात्र घरात विसरून या, त्यातलं ॲसिटोन सीटचा रंगच विरघळवतं, त्यावर मग साफसफाईचा कुठलाच उपाय चालत नाही.

हेडरेस्टची पिवळी झाक ही केसांचं तेल आणि घामाची असणार. ताजं तेल असतं तर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा म्हटलं असतं, ती तेल ओढून घेते. जुन्याला क्लीनरच, पण मोकळा वेळ काढून. आणि बेकिंग सोडा नको, लेदर मुळात किंचित आम्लधर्मी असतं आणि सोडा उलटा, अल्कधर्मी, जिथे कोटिंगला बारीक चिरा असतील तिथून आत गेला की लेदर कोरडं पडतं.

गाडीवेडा:
खूप खूप आभार दोघांचे. थेंबाची टेस्ट केली, थेंब वर बसला, म्हणजे कोटिंग आहे. क्लीनर आणि मऊ ब्रशने पट्टा बराच फिका झालाय, लांबून कळत नाही, पण शिलाईच्या कडेला आणि सुरकुत्यांमध्ये निळं अजून दिसतंय. पेनची रेघ अजून केलेली नाही, आधी हे पूर्ण करतो. दोन शंका आहेत, एक म्हणजे बसायच्या भागाला बारीक भोकं आहेत तिथे फेस आत गेला तर? आणि कंडिशनर लावला की उरलेला डाग निघतो असं एकाने सांगितलं, खरं का?

सीटकारागीर:
कंडिशनर डाग काढत नाही. डागावर लावलात तर वर तेलकट थर बसतो आणि पुढची सफाई अजून अवघड होते. कोटिंगवाल्या लेदरमध्ये तो फारसा आत जातही नाही. सफाई पूर्ण झाली की लेदरचं प्रोटेक्टंट लावा, ते जीन्सच्या रंगाला सीटवर थेट बसू देत नाही. कायमचं नसतं, अधूनमधून परत लावावं लागतं, पण पुढचा डाग साध्या पुसण्याने जातो एवढा फरक नक्की पडतो.

भोकांच्या जागी क्लीनर ब्रशवर नको, फडक्यावर घ्या आणि फडकं दमट हवं, पिळलं तर थेंब पडायला नको. खाली स्पंज असतो, कित्येक गाड्यांत सीट गरम करायची तार किंवा हवेचा पंखा आणि माणूस बसलाय का ते ओळखणारा सेन्सर असतो. पाणी आत गेलं की वास धरतो आणि काही वेळा सेन्सरची कटकट सुरू होते. वाळवायला हेअर ड्रायर नको, दारं उघडी ठेवून सावलीत वाळू द्या.

सुरकुत्यांसाठी एका हाताने लेदर हलकं ताणून धरा म्हणजे सुरकुती उघडते आणि ब्रशचे केस आत पोचतात. शिलाईचा दोरा मात्र सुताचा असेल तर त्याने रंग पिऊन घेतलेला असतो, तो थोडा राहणारच, त्याच्यासाठी लेदर घासत बसू नका.

सुईदोरा:
एक अजून बघून घ्या, बऱ्याच गाड्यांत फक्त बसायचा भाग खऱ्या लेदरचा असतो आणि कडेचा फुगवटा रेक्झिनचा. रेक्झिन असेल तर रंग कधी कधी त्याच्या आतच उतरतो, तो मग वरून कितीही पुसला तरी येत नाही.

सीटकारागीर:
बरोबर. तसं असेल किंवा कोटिंगच निघालं असेल तर तेवढाच पॅनल रंगवून मिळतो. जुनी घाण आणि चिकटपणा काढून, सीटच्या शेडचा रंग मिळवून फवारतात आणि वर नवा टॉपकोट. नीट केलं तर शेजारच्या पॅनलपासून वेगळं ओळखू येत नाही. पण तुमच्या फडक्यावर अजून निळं येतंय ना, मग एवढ्यात त्या वाटेला जाऊ नका, क्लीनरच चालू ठेवा.