मदत हवी आहे: कुळागरातून घरी लोरा मेसेज पोचत नाही, ३०० मीटरवर सगळं बंद

पोफळीबन
मोबाइलच्या रेंजशिवाय रेडिओ लहरींवरून छोटे मेसेज पाठवणारे दोन लोरा बोर्ड मागवले, त्यात मेशटॅस्टिक हे मेसेजचं सॉफ्टवेअर टाकलं, रीजन (कुठल्या देशाचा रेडिओ पट्टा वापरायचा ते) इंडिया निवडलं. घरात टेबलावर दोन्ही व्यवस्थित बोलतात. एक घेऊन कुळागराच्या (आमच्या पोफळी-नारळाच्या बागेच्या) वाटेला लागलो की ३०० मीटरवर बंद. मला ४ किमी गाठायचंय. व्हिडिओत लोक ५०-५० किमी दाखवतात! तीन रविवार गेले यात. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी हे चालू व्हायलाच हवं. सेटिंगमध्ये नेमकं काय बदलू तेवढं सांगा. दुसरं सिम घ्या असं कृपया सुचवू नका, तिथे कुठल्याच कंपनीची रेंज नाही.

फोंड्याचा_अँटेनावाला
बोर्ड कुठला? अँटेना कुठली, किती उंचीवर? दोन टोकांच्या मध्ये काय आहे? यातलं एकही लिहिलेलं नाहीस. सेटिंगचं नंतर बघू.

पोफळीबन
टी-बीम. अँटेना बरोबर आलेली तीच. मध्ये डोंगर आहे, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणखी काय असणार?

फोंड्याचा_अँटेनावाला
अरे, हा डोंगर पहिल्या ओळीत यायला हवा होता. ते ५० किमी एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर असतात. २०१७ साली लोराचा सिग्नल ७०२ किमी गेला, तोही २५ मिलिवॉटवर, पण पाठवणारा बोर्ड ३८ किमी उंच फुग्याला बांधला होता. गोंगाटाखाली दबलेला सिग्नल उचलणं ही लोराची ताकद. डोंगराच्या आरपार जाणं त्याला जमत नाही. गूगल अर्थमध्ये घर आणि कुळागर रेघेने जोड, उंचीचा आलेख काढ आणि इथे टाक.

म्हापशाचा_हॅम
या खेळण्यांच्या नादी लागू नका. हौशी रेडिओची परीक्षा द्या. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, अभ्यास महिन्याभरात होतो. मग १४५ मेगाहर्ट्झवर ५ वॉटचा हँडसेट घेऊन थेट बोला. मी वीस वर्षं बोलतोय, वादळात मोबाइल बंद पडले तेव्हाही बोललो.

डिचोली_४०३५०४
हॅमकाका, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण यांना परवाना न लागणाऱ्या पट्ट्यातलं विचारायचंय. शिवाय परवाना दोन्ही टोकांना लागणार. कुळागरात जो माणूस आहे त्यालाही परीक्षेला बसवणार का?

म्हापशाचा_हॅम
का नाही? आमच्या बॅचला साठीचे गृहस्थ होते. आणि डोंगर ५ वॉटलाही आडवा येतो हे मला मान्य आहे, म्हणून तर उंचावरून सिग्नल पुढे पाठवणारे रिपीटर असतात.

मिरवेल
पोफळीबन, पंपासाठी हवं असेल तर मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारा स्टार्टर मिळतो. आमच्या बागायतीत दोन वर्षं उत्तम चालतोय. मिस्ड कॉल दिला की मोटर सुरू.

डिचोली_४०३५०४
तिथे रेंजच नाही, मिस्ड कॉल जाणार कुठून?

पोफळीबन
मोटरचा प्रश्नच नाही. बाबा ६८ वर्षांचे आहेत आणि दिवसभर एकटे कुळागरात असतात. गेल्या जूनमध्ये पाटाच्या कडेला शेवाळावरून पाय घसरून पडले. घोटा मोडला होता. दीड तास तिथेच पडून होते, ओ द्यायलाही कोणी नव्हतं. शेजारचा माणूस गवत कापायला आला म्हणून कळलं. मला एवढंच हवंय की त्यांनी बटण दाबलं की घरी कळावं.

मिरवेल
हे माहीत नव्हतं, भावा. मग उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्रच आण ना, गिर्यारोहक वापरतात ते. डोंगराचा प्रश्नच मिटला.

डिचोली_४०३५०४
अजिबात आणू नका! परवानगीशिवाय असलं यंत्र भारतात बाळगणं बेकायदेशीर आहे. गोव्याच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना याच कारणावरून अडवलंय.

फोंड्याचा_अँटेनावाला
पोफळीबन, आता कळलं घाई कसली. एक सांग: बोर्डाच्या डब्यावरच्या स्टिकरवर कुठला आकडा आहे? ४३३, ८६८ की ९१५ मेगाहर्ट्झ?

पोफळीबन
४३३. त्याने काही फरक पडतो का? चिप तीच आहे असं विकणारा म्हणाला. ५०० रुपये स्वस्त पडला.

फोंड्याचा_अँटेनावाला
सगळा फरक तिथेच आहे. चिप दोन्हीकडे चालते, पण चिपपासून अँटेनापर्यंतची जुळणी ४३३ साठी केलेली असते आणि अँटेनाही त्याच मापाची. रीजन इंडिया केलंस की बोर्ड ८६५ ते ८६७ मध्ये बोलतो. त्यामुळे तुझी बहुतेक शक्ती वाटेतच मरते. टेबलावर चालतं ते दोन्ही बोर्ड वीतभर अंतरावर असतात म्हणून.

मिरवेल
मग रीजन बदलून ४३३ चं करायचं! बोर्ड फुकट का घालवता?

डिचोली_४०३५०४
आपल्याकडे ४३३-४३४ ला मुभा १० मिलिवॉटची, तीही घराच्या आत वापरायला. ४ किमीच्या कामाचं नाही. आणि उद्या कोणी ९१५ चं सेटिंग ठेवायला सांगेल तर तेही करू नका, ८९० ते ९१५ हा मोबाइलचा पट्टा आहे. परवाना नसलेल्या माणसाला मोकळा पट्टा ८६५ ते ८६८. पूर्वी ८६७ पर्यंत होता, २०२१ च्या नियमांनी वाढला. १ वॉटपर्यंत मुभा आहे आणि आपले बोर्ड ०.१५ वॉटच्या आसपास असतात.
आणखी एक, जे कोणी बघत नाही. नियमात कॅरिअरची, म्हणजे सिग्नल जेवढी जागा व्यापतो त्याची, रुंदी २०० किलोहर्ट्झ लिहिली आहे. मेशटॅस्टिक सुरुवातीला लाँगफास्ट या तयार सेटिंगवर असतं, ते २५० घेतं. लाँगमॉडरेट करा, ते १२५ वर चालतं. सगळ्या बोर्डांवर तेच हवं, नाहीतर एकमेकांना ऐकू येणार नाही.

फोंड्याचा_अँटेनावाला
रुंदीवर इतका काथ्याकूट नको, सगळा देश लाँगफास्टवर आहे. दुसऱ्या कोणाशी जोडायचं झालं तर अडेल.

डिचोली_४०३५०४
परवाना नको म्हणजे नियम नको, असं होत नाही. ही मोकळीक नियम पाळला तरच टिकेल. शिवाय त्यांना स्वतःच्या घराशीच बोलायचंय. १२५ वर वेग कमी पण पल्ला थोडा जास्त, म्हणजे त्यांचा फायदाच आहे.

फोंड्याचा_अँटेनावाला
बरं, पल्ल्याचं मान्य. पण डोंगर तसाच आहे. पोफळीबन, मेसेज पुढे ढकलायला तिसरा बोर्ड लागेल, दोन्ही टोकं दिसतील असा सड्यावर (डोंगरावरच्या सपाट माळावर). अभयारण्याच्या हद्दीत बांधायचा विचारही नको. खासगी जागा आहे का कोणाची? ४ किमीच्या दुव्यात मध्यावर साधारण १८ मीटर त्रिज्येचा पट्टा लहरींना लागतो, त्यातला निदान निम्म्याहून जास्त मोकळा असला पाहिजे. नुसतं दिसलं म्हणजे झालं नाही. वायर बारीक घेऊ नकोस, आरजी-१७४ मीटरमागे जवळजवळ १ डीबी (सिग्नलची घट मोजायचं माप) खाते. ३ डीबी गेले की निम्मी शक्ती गेली. बोर्डच वर चढव, वायर हातभर ठेव. आणि अँटेना लावल्याशिवाय बोर्ड कधीही चालू करायचा नाही.

म्हापशाचा_हॅम
वायरचं बरोबर सांगितलं. मुलांनो, हेच परीक्षेत येतं.

पोफळीबन
चुलतभावाची काजूची बागायत आहे सड्यावर, भट्टीच्या शेडचं छप्पर उंच आहे. त्याच्याशी बोललो, तो तयार आहे. दुसरं: बाबांना इंग्रजी टाइप करता येत नाही, मराठी चालेल का?

डिचोली_४०३५०४
चालतं, पण एका मेसेजला २०० बाइटच्या आसपास जागा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना-मात्राही मोजल्या जातात. म्हणजे साठ-पासष्ट चिन्हं. अ‍ॅपमध्ये क्विक चॅट आहे, तयार वाक्यं ठेवा: "पडलो, या", "ठीक आहे", "निघालो". आणि सड्यावर टी-बीम नको, तो बॅटरी फार खातो. एनआरएफ५२८४० या कमी वीज खाणाऱ्या चिपचा बोर्ड सोलरवर ठेवा. श्रावणात चार-चार दिवस ऊन नसतं, बॅटरी मोठी घ्या.

पोफळीबन (तेरा दिवसांनी)
८६८ चे दोन टी-बीम आणि सड्यासाठी एनआरएफवाला असे तीन बसवले. लाँगमॉडरेटच ठेवलं. सड्यावरून घर स्वच्छ. कुळागराकडून एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) उणे ११ डीबी. काल दिवसभर पाऊस होता, बावीसपैकी एकोणीस मेसेज पोचले. ते तीन का गळले?

फोंड्याचा_अँटेनावाला
लाँगमॉडरेटला उणे साडेसतरापर्यंत वाचता येतं, म्हणजे हातात साडेसहाच डीबी आहेत. पानं भिजली की तेवढे सहज जातात. कुळागरातली अँटेना किती उंच?

पोफळीबन
पंपघराच्या कौलांवर. पोफळी तिच्याहून कितीतरी उंच आहेत. पोफळीलाच बांधू का?

फोंड्याचा_अँटेनावाला
पोफळ वाऱ्याला डोलते, सांधे सुटतील. पंपघराला लागून लांब बांबू उभा कर, तीन बाजूंनी ताण दे, बोर्ड प्लॅस्टिकच्या डब्यात घालून वर. चार-पाच मीटर वाढले तरी आकड्यात दिसेल.

पोफळीबन
उद्या पाडेली नारळ पाडायला येतोय, त्याच्याकडूनच बांधून घेतो. बाबांचा आत्ताच आला: "निघालो". घड्याळ लावलंय, पाऊण तास लागतो त्यांना.