नॅलोक्झोन (अफूच्या जातीच्या औषधांवरचा उतारा) दिलं, आजोबा उठले, पाऊण तासात पुन्हा गळाले. कुठे चुकलं?

रात्रपाळीचा इंटर्न
कॅज्युअल्टीतला माझा दुसराच आठवडा. रात्री दोनला कॅन्सरचे एक आजोबा आले. घरचे म्हणाले, संध्याकाळपासून गाढ झोपलेत, नुसते घोरतायत. छातीवर मूठ रगडली तेव्हा कुठे जरासा हात हलला. श्वास मिनिटाला 6, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, शुगर 118. खांद्यावर फेंटॅनिल या जालीम वेदनाशामकाचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) होता, तो काढला. अँब्यूने (हाताने दाबून हवा द्यायची पिशवी) चार-पाच श्वास दिले आणि नॅलोक्झोनचं 0.4 मिग्रॅचं ॲम्पूल शिरेतून एकदम ढकललं. धीर धरवेना, मिनिटभरात दुसरंही दिलं.

आजोबा ताडकन उठले ते किंचाळतच. उलटी, घाम, बीपी 190. मला वाटलं, असो, जिंकलो. मॉनिटर शेजारच्या पेशंटला लावला. पाऊण तासाने सिस्टरांनी बोलावलं तर श्वास पुन्हा 8. आता नॅलोक्झोनची ड्रिप चालू आहे, श्वास 14. पण पॅच तर मी काढला होता ना? सकाळी राऊंडला काय सांगू?

भूलवाला
अँब्यू आधी हातात घेतलास, त्याबद्दल शाबास. बरेच जण ॲम्पूल शोधत बसतात आणि तोवर पेशंट निळा पडतो. ओपिऑइडने (फेंटॅनिलसारख्या, अफूच्या जातीच्या औषधांनी) जीव जातो तो श्वास मंदावून, त्यामुळे हवा आत-बाहेर होत असेल तर औषधाला दोन मिनिटं उशीर झालेला चालतो.

डोस मात्र चुकला. रोज ओपिऑइड घेणाऱ्या माणसाला दोन ॲम्पूल एकदम म्हणजे त्याचं सगळं वेदनाशमन एका क्षणात काढून घेणं. ते किंचाळणं कॅन्सरच्या दुखण्याचं होतं रे. पुढच्या वेळी एक ॲम्पूल 10 मिलीच्या सिरिंजमध्ये घे, वर 9 मिली सलाईन. म्हणजे मिलीला 0.04 मिग्रॅ. एकेक मिली दे, दोन-तीन मिनिटं थांब, श्वास मोज. मिनिटाला 12 च्या आसपास आला, श्वास पुरेसा खोल वाटला की हात आवर. पेशंट डोळे मिटून पडला असेल तर पडू दे. माझ्या हातून नवखेपणी असाच एकजण खडबडून उठला होता, त्याच्या फुफ्फुसात पाणी झालं. तेव्हापासून सिरिंज पातळ केल्याशिवाय मी पलंगाजवळ जात नाही.

पुन्हा का गळाले? नॅलोक्झोनचा जोर अर्धा ते दीड तास. पॅच काढला तरी कातडीखाली साठलेलं फेंटॅनिल झिरपतच राहतं, रक्तातली पातळी निम्मी व्हायला जवळपास अख्खा दिवस जातो. मेथाडोन या दुसऱ्या ओपिऑइडचंही असंच लांबतं. ज्या डोसने श्वास सुधारला त्याच्या दोन-तृतीयांश दर तासाला, हा ड्रिपचा ढोबळ हिशेब. आणि मॉनिटर परत आण! ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन 98 दिसतं आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) नसेल तर घड्याळ लावून श्वास मोज.

ॲम्ब्युलन्सवरचा
सर, धावत्या गाडीत, शीर सापडत नसताना पातळ सिरिंजचे लाड जमत नाहीत. आम्ही दंडात 0.4 देतो किंवा नाकात स्प्रे, आणि मास्क सोडत नाही. शिवाय बाहुल्यांवर फार विसंबू नका. ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड जास्त झालेला एक पेशंट बाहुल्या नॉर्मल असताना आकडी घेऊन आला होता. उलट टाचणीसारख्या बाहुल्या, पण तोंडातून फेस, छातीत खरखर, अंग घामाने चिंब, तो कीटकनाशकाचा निघाला.

भूलवाला
गाडीत तुझंच बरोबर. मी कॅज्युअल्टीपुरतं बोलत होतो.

वॉर्डातली सिस्टर
एक विचारू का डॉक्टर? आजोबांना कुशीवर वळवून पाठ बघितलीत का? पॅच पारदर्शक असतात, दिव्याच्या उजेडात दिसतही नाहीत, बोट फिरवावं लागतं. पाठ, दंड, मांड्या, अगदी गादीची चादरसुद्धा. आणि घरच्यांना विचारा, शेक दिला होता का. उष्णतेने पॅचमधलं औषध भराभर अंगात जातं.

रात्रपाळीचा इंटर्न
सिस्टर, तुमचं वाचून लगेच वळवलं. डाव्या पाठीवर, बरगडीखाली दुसरा पॅच. त्यावर पेनाने तारीख लिहिली होती, चार दिवसांपूर्वीची. म्हणजे 72 तासांनी काढायचा तो राहिला आणि खांद्यावर नवा लागला. आजींना विचारलं. म्हणाल्या, "पाठ फार ठणकत होती, म्हणून रात्रभर गरम पाण्याची पिशवी ठेवली." रागवायला गेलो होतो, तोंडातून शब्द फुटला नाही.

पॅच काढला, जागा साध्या पाण्याने पुसली. मॉनिटर परत आणलाय. श्वास 15, आजोबा झोपलेत, मी शेजारी स्टुलावर बसून मोजतोय.