मदत हवी आहे: तिसरा लाईनबॅकर कुठे गेला?

चेरीहिलचा_बाप
लोकहो अर्जंट आहे. लेकाला उद्या वर्गात डिफेन्सचा चार्ट दाखवायचाय, अकरा जण कुठे उभे राहतात नि कोण काय करतं. रात्रीचे नऊ वाजलेत. एका साइटवर ३-४ लिहिलंय (पुढच्या ओळीत किती, त्यांच्या मागचे लाईनबॅकर किती), दुसरीवर ४-३, टीव्हीवरचे ४-२-५ म्हणतात. मी मॅच थांबवून थांबवून मोजलं तर पुढे चार आणि त्यांच्या मागे फक्त दोन, मग तिसरा गेला कुठे? मी मार्करने तीन काढून बसलोय आणि आता खोडता येत नाही. गूगल करा म्हणू नका, संध्याकाळपासून तेच चाललंय.

कोकणकडा
टीम कुठली?

मिरजेचा_मेस्सी
४-३ म्हणजे ४-३-३ असणार. लेकाला आधी डिफेन्सिव्ह मिडफिल्डर समजावा, सगळी किल्ली तिथे असते.

चेरीहिलचा_बाप
अहो अमेरिकन फुटबॉल! आणि टीम फिलाडेल्फिया ईगल्सच ना, इथे दुसरी कुठली असणार.

कोकणकडा
न्यू जर्सीत जायंट्स आणि जेट्स दोन्ही खेळतात हो, म्हणून विचारलं. बरं, कुठल्या सालचे ईगल्स? २०२३ आणि २०२४ च्या डिफेन्समध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे.

चेरीहिलचा_बाप
सुपर बोल, म्हणजे फायनल, जिंकले ते.

कोकणकडा
२०१८ च्या फेब्रुवारीत पण जिंकलेत :)

चेरीहिलचा_बाप
चीफ्सना ४०-२२ धुतलं ते!! न्यू ऑर्लिन्सला, फेब्रुवारी २०२५. आता सांगा.

कोकणकडा
मग सोपं आहे. तुमचा तिसरा लाईनबॅकर बाकावर बसलाय. समोरचे बहुतेक वेळा तीन रिसीव्हर (पास झेलणारे) उतरवतात, त्यांच्यामागे धावायला मागच्या फळीत पाचवा चपळ गडी लागतो. त्याला निकल म्हणतात, पाच सेंटचं नाणं म्हणून.

शुभा_डेलावेअर
कोकणकडा, निकलचं बरोबर, पण बाकावर लाईनबॅकर नाही बसत हो. त्या वर्षी ईगल्सचा डिफेन्स बघणाऱ्या विक फँजिओचं मूळ ३-४ आहे, म्हणजे मधे तीन जाडजूड, दोन टोकांना जॉश स्वेट आणि नोलन स्मिथ, मागे दोन लाईनबॅकर. आता गोंधळ असा की स्वेट आणि स्मिथ कागदावर लाईनबॅकर म्हणून लागतात पण उभे लाईनवरच राहतात, म्हणून कुणाला चार लाईनबॅकर दिसतात कुणाला दोन. निकल आला की बाहेर जातो तो मधल्या तिघांतला एक, बहुतेक वेळा जॉर्डन डेव्हिस, साडेसहा फुटी, दीडशे किलोच्या वरचा. राहिले ते चार पुढे, दोन मधे, पाच मागे. तिसरा लाईनबॅकर मुळात नव्हताच.

कोकणकडा
४-३ वाल्या टीममध्ये लाईनबॅकरच बसतो. मी सर्वसाधारण सांगत होतो.

शुभा_डेलावेअर
प्रश्न ईगल्सचा आहे.

शिकागोचे_काका
हे सगळं नाजूक काम. डिफेन्स बघायचा तर १९८५ चे शिकागो बेअर्स बघा. डिफेन्स कोच बडी रायनचा ४६, आठ माणसं पुढे, क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्याला, श्वास घ्यायला जागा नाही. फायनल ४६-१०! ब्लिट्झ करत नाही, म्हणजे जादा माणसं क्वार्टरबॅकवर सोडत नाही, तो डिफेन्स कसला.

चेरीहिलचा_बाप
काका ४६ म्हणजे पुढे चार मागे सहा का? मग अकरावा?

शिकागोचे_काका
नाही नाही, ४६ हा डग प्लँक नावाच्या सेफ्टीचा (सगळ्यात मागे राहणाऱ्याचा) जर्सी नंबर. नंतर रायन तुमच्या फिलीलाच हेड कोच झाला, १९८६ साली. त्याच्या डिफेन्समधल्या रेजी व्हाइटला खेळताना पाहिलंय का?

शुभा_डेलावेअर
काका, २०२५ च्या फायनलला फँजिओने एकदाही ब्लिट्झ केला नाही आणि चीफ्सच्या क्वार्टरबॅकला, महोम्सला, सहा वेळा पाडलं, त्यात स्वेटचे अडीच. चौघंच घुसत असतील तर पाचवा पाठवायचा कशाला? क्रिकेटच्या भाषेत लाँगऑन लाँगऑफ मागे ठेवायचे आणि एकेरी घ्या म्हणायचं. दोन्ही सेफ्टी खोल.

मिरजेचा_मेस्सी
कबड्डीत पण कोपरे असेच दबा धरून असतात. चढाईपटू बोनसला पाय टाकतो आणि...

पुणेरी_पाटी
अवांतर: २०२३ ला ईगल्सचा डिफेन्स शॉन देसाई बघायचे ना? एनएफएल लीगमधले भारतीय वंशाचे पहिले कोऑर्डिनेटर. आपले मराठी का?

कोकणकडा
देसाई गुजरातेत पण असतात आणि सावंतवाडीत पण. १०-१ (दहा जिंकले, एक हरले) अशी सुरुवात होती त्या वर्षी, मग घसरगुंडी, आणि डिसेंबरात डावपेच कॉल करायचं काम काढून दुसऱ्या कोचला, पॅट्रिशियाला, दिलं. देसाई शिकागोला फँजिओच्या हाताखालीच शिकले होते म्हणजे पद्धत साधारण तीच, मग सगळा दोष त्यांच्या माथी का?

शुभा_डेलावेअर
माणसं बदलली हो. २०२४ ला क्विन्यॉन मिचेल आणि कूपर डेजीन हे दोन रुकी (पहिल्याच वर्षाचे) आले, सेंट्स टीममधून झॅक बॉन आला. तिथे तो मुख्यतः स्पेशल टीमवर (किकच्या वेळची टोळी) आणि टोकाला असायचा, इथे मधे उभा केला आणि थेट ऑल-प्रो, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात! डेजीनला तर पाचव्या आठवड्याच्या सुट्टीनंतर स्लॉट, म्हणजे निकलची ती पाचवी जागा, दिला, आणि फायनलला बाविसाव्या वाढदिवशीच महोम्सचा पास पकडून टचडाउन. माझ्या नवऱ्याने उडी मारली ती नेमकी टीपॉयवर.

चेरीहिलचा_बाप
नावं द्या ना प्लीज, अकरा. आणि लाईनबॅकर डीनला मधे काढलाय तो बरोबर आहे का, लेकाचा आवडता आहे.

शुभा_डेलावेअर
डीन नाही, त्याचा गुडघा पॅकर्सच्या मॅचला गेला. पुढे टोकांना स्वेट आणि नोलन स्मिथ, मधे जेलन कार्टर आणि मिल्टन विल्यम्स. त्यामागे बॉन आणि डीनच्या जागी ओरेन बर्क्स. मागे कडांना कॉर्नर स्ले आणि मिचेल, स्लॉटला डेजीन, खोल गार्डनर-जॉन्सन आणि ब्लँकनशिप. मोजा.

चेरीहिलचा_बाप
अकरा झाले! तिसऱ्या लाईनबॅकरला ३३ नंबर घातला आणि लांब बाण काढून स्लॉटला पाठवला, आता तोच डेजीन. डीनला मात्र कुबडी काढून कडेला उभा केलाय. आभार वहिनी.

शिकागोचे_काका
रेजी व्हाइटचं कुणी बोललंच नाही.